रमी सुटली ते वर्ष

मी चौतीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या चाचणी विभागात काम केलं. विमानांना लागणारे सुटे भाग आमच्याकडे यायचे. आम्ही ते यंत्रावर बसवून हादरवायचो, तापवायचो, गार करायचो, आणि टिकले तर सही करून पुढे पाठवायचो. माझ्या सहीशिवाय काही पुढे जात नसे, याचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही. लग्न होऊन सांगलीहून बंगळूरला आले तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण कन्नडमधून केलं आणि लोकांना हसवलंही.

निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने झोपा काढण्यात गेले. तिसऱ्या महिन्यात फोनवर रमी आली.

हे तेव्हाचं, जेव्हा पैसे लावून खेळायचे पत्ते फोनवर राजरोस मिळत. एक जाहिरात आली, मी बोट लावलं आणि हिरव्या टेबलावर तेरा पानं उघडली. माहेरी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चुलत-मावस भावंडं दिवसभर रमी खेळायचो आणि मी बहुतेक वेळा जिंकायचे. त्यामुळे पहिल्या दिवशी मला वाटलं, अरे, हे तर आपलंच आहे. आधी फुकट खेळले, मग थोडे पैसे लावून, मग थोडे जास्त. किती गेले तो आकडा मी इथे लिहिणार नाही. तो माझ्या नवऱ्याला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे, तेवढं पुरे.

पहिली गंमत चिकपेटेच्या बाजारात झाली. तेव्हा मी तिला गंमतच समजले होते. भाचीच्या लग्नासाठी साड्या घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलो, दुकानदार एकेक घडी उलगडून समोर टाकत होता. मी पदराखाली फोन धरून खेळत होते. त्या खेळात दर खेळीला अर्धं मिनिट मिळायचं, त्यामुळे मान वर करायला सवड नव्हती. एका डावात पानं फारच वाईट आली आणि मी मोठ्यांदा म्हणाले, “ड्रॉप,” म्हणजे डाव सोडला. दुकानदाराने साडी घडी करून बाजूला ठेवली. पुढच्या वेळीही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. नवरा म्हणाला, “अगं, ही मोरपंखी तरी बरी होती.” मी वर पाहिलं. तीन साड्या मी न बघता नाकारल्या होत्या. घरी आल्यावर ही हकिकत मी स्वतःच रंगवून सांगितली, फक्त ‘ड्रॉप’ कुठून आलं ते सोडून. नवऱ्याला वाटलं, दुकानदाराने भाव उतरवावा म्हणूनच मी तसं म्हणत होते.

घरात खेळणं हळूहळू अवघड होऊ लागलं. नवरा एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेला. सकाळी गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं, मग वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचं, आणि अडलं की मला हाक मारायची. त्याला माझं उत्तर हवं असायचं आणि मला तो नको असायचा. हे लिहितानाही वाईट वाटतं. मग मी सांगितलं की बसवनगुडीत एका सभागृहात रोज सकाळी प्रवचन असतं, ते मी ऐकायला जाणार आहे. घरापासून चालत पंधरा मिनिटं. नवऱ्याला देवधर्माची आवड नाही, त्यामुळे तो बरोबर येण्याची भीती नव्हती.

मी सभागृहाच्या अलीकडे बागेत एका बाकावर बसायचे आणि दोन तास रमी खेळायचे.

एक गोष्ट मात्र मी लक्षात घेतली नव्हती. जेवताना नवरा विचारायचा, “आज काय सांगितलं बुवांनी?” पहिल्या दिवशी मी गडबडले आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हणाले, बुवा म्हणाले की माणूस रांगेत उभा असतो तेव्हा तो देवाचा नसतो, रांगेचा असतो. नवऱ्याने घास हातात धरून थोडा विचार केला आणि म्हणाला, “बुवा हुशार दिसतात.” दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. आता रोज काहीतरी रचणं भाग होतं. बागेतून घरी येताना पंधरा मिनिटांत मी प्रवचन तयार करायचे. एका राजाची गोष्ट, जो स्वयंपाकघरात हरवतो. एका कुंभाराची, ज्याला स्वतःच्या घरी एकही धड मडकं नाही. नवरा शास्त्रज्ञ असल्यामुळे शंका काढायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी बुवांना त्या शंकेचं उत्तर द्यावं लागायचं. खालच्या मजल्यावरच्या कन्नड अक्कांनाही तो त्या गोष्टी सांगू लागला. अक्का मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, तुमचे बुवा फार सरळ बोलतात, आमच्याकडचे नुसते संस्कृत म्हणतात.

खरं सांगायचं तर त्या काळात मला सर्वांत जास्त आनंद त्या गोष्टी रचण्यात मिळत होता, रमीत नाही. पण हे मला फार पुढे कळलं.

एके दिवशी नवरा म्हणाला, “उद्या मीही येतो.” मी म्हणाले, उद्या सुट्टी आहे. परवा? परवा बुवा गावाला जाणार आहेत. त्याने मान डोलावली. चौथ्या दिवशी मी निघाल्यावर अर्ध्या तासाने तो एकटाच सभागृहात गेला. तिथे चादरी आणि अभ्र्यांचा सेल लागला होता. त्याने एक चादर घेतली, कारण चादर चांगली होती, आणि बागेतून परत निघाला.

तो माझ्या बाकावर येऊन बसला ते मला कळलंच नाही. कोणीतरी बसलंय एवढं जाणवलं आणि मी थोडी सरकले. तो तिथे वीस मिनिटं बसला होता, हे त्याने नंतर सांगितलं. वीस मिनिटं तो माझ्या हातातली पानं बघत होता, आणि त्याला पत्त्यांतलं काही कळत नसल्यामुळे माझा चेहराही बघत होता. शेवटी तो हळूच म्हणाला, “आज काय सांगितलं बुवांनी?”

माझ्या हातातून फोन मांडीवर पडला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मांडीवरच्या चादरीच्या पिशवीकडे पाहिलं, आणि काय झालं कोण जाणे, मला हसू आलं. त्यालाही आलं. आम्ही दोघं साठीची माणसं बाकावर बसून हसत होतो, आणि हसता हसता मी रडायला लागले. मग सगळं सांगितलं. तो रागावला नाही असं नाही. पैशांचं ऐकून तो उठून बागेला एक फेरी मारून आला. परत आल्यावर म्हणाला, “बुवा नाहीत याचं मला जास्त वाईट वाटतंय. ते तू रोज स्वतः रचत होतीस?”

“रोज.”

“आणि तो कुंभार?”

“तोही.”

“मग एवढं डोकं असताना हे काय करून बसलीस?” असं तो म्हणाला आणि मला घरी घेऊन आला.

मी फोनमधून खेळ काढून टाकला आणि म्हणाले, संपलं. माझा माझ्यावर विश्वास होता. इतकी वर्षं माणसं आणि यंत्रं सांभाळली, एक खेळ काय मोठा. दहा दिवस काही झालं नाही. अकराव्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायला वेळ होता. मी खेळ पुन्हा फोनवर घेतला, आणि आतून नाव पुकारलं तेव्हा हातातला डाव संपेपर्यंत उठले नाही. दुसऱ्या बाईंना आधी सोडलं. दाढ ठणकत होती आणि मी खेळत होते.

या वेळी मला कोणी पकडलं नव्हतं. घरी येताना रिक्षात बसून मी कारखान्यातल्यासारखा विचार केला. चाचणी काय होती, तर न खेळता राहायचं. नमुना कोण, तर मी. अकराव्या दिवशी नमुना नापास. चाचणीत नापास झालेला भाग चांगला आहे असं लिहून मी कधीही सही केली नव्हती, मग स्वतःसाठी का करायची? घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं, “मी आज परत खेळले. हे माझ्याच्याने सुटत नाही. मला कोणाला तरी दाखवायला हवं.” तो शब्दकोडं बाजूला ठेवून म्हणाला, “सरी, ठीक आहे. कोणाला दाखवायचं ते शोधू.” माझ्या बरं होण्याची सुरुवात मी त्या दुपारपासून धरते, बागेतल्या सकाळपासून नाही.

शोधल्यावर कळलं की शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात फोन आणि खेळांच्या नादासाठी वेगळी ओपीडी भरते. आम्ही दोघं सकाळी गेलो. दारावरच्या शिपायाने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आमच्या मागेही पाहिलं आणि विचारलं, “पेशंट यारू?” पेशंट कोण? मी म्हणाले, “नाने.” मीच. त्याला वाटलं मला कन्नड येत नाही, म्हणून त्याने तेच हिंदीत विचारलं. मी तेच हिंदीत सांगितलं.

आत बाकांवर कॉलेजातली मुलं आणि त्यांच्या आया बसल्या होत्या. माझ्या शेजारच्या बाईंनी आपुलकीने विचारलं, नातू आत गेलाय का? मी म्हणाले, नाही हो, माझाच नंबर आहे, अकरावा. त्यांनी सरकून मला ऐसपैस जागा दिली. डब्यातलं खारं, कुरकुरीत निप्पट्टू काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाल्या, “बरं झालं अम्मा तुम्ही आलात. माझा मुलगा म्हणतो, हा आजार फक्त पोरांनाच असतो असं तुम्ही समजता. आता त्याला तुम्हाला दाखवते.” आणि त्यांनी खरंच दाखवलं. मी मान डोलावली.

आधी डॉक्टरांनी तपासलं, झोप आणि मन कसं आहे ते विचारलं. मग मला एका समुपदेशक मुलीकडे पाठवलं. ती माझ्या मुलीपेक्षाही लहान, धारवाडकडची, आई बेळगावची. तिचं मराठी कन्नडच्या चालीवर होतं आणि मला ते ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. तिने उपदेश केला नाही. तिने विचारलं, “जिंकल्यावर काय करता, अम्मा?”

“परत खेळते.”

“आणि हरल्यावर?”

“परत खेळते.”

“मग जिंकण्या-हरण्याचा प्रश्न नाही. त्या खेळात तुम्हाला काय मिळतं?”

मी म्हणाले, “कारखान्यात दिवसातून पन्नास वेळा लोक मला विचारायचे, मॅडम, हे पुढे पाठवू का? आता दिवसभर कोणी काही विचारत नाही. ते पत्ते दर अर्ध्या मिनिटाला विचारतात.” हे मी कधी कोणाला बोलले नव्हते, स्वतःलाही नाही. नवरा शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याने फक्त चष्मा काढून पुसला.

तिने मला कामं दिली. बँकेचे व्यवहार काही महिने नवऱ्याच्या हाती. माझ्याकडे साधा बटणांचा फोन. गेलेलं परत मिळवायला एक डाव, हा विचार आला की लगेच कोणाशी तरी बोलायचं, कारण याच विचाराने सगळ्यात जास्त लोक परत अडकतात. आणि खेळावंसं वाटलं की त्याच्याशी भांडायचं नाही. “स्वल्प थांबायचं, अम्मा. किती वेळाने कमी होतं ते नुसतं बघायचं आणि लिहायचं.”

लिहायचं म्हटल्यावर मी आलेख कागदाची वही आणली. आडवी मिनिटं, उभी शून्य ते दहा अशी ओढ. पहिल्या दिवशी सात वेळा ओढ आली, सातही वेळा मी खिडकीजवळ घड्याळ घेऊन बसले. ओढ चढायची, दहाव्या-बाराव्या मिनिटाला सर्वांत वर जायची, आणि मग, मी काहीही न करता, उतरायची. उतरताना मध्येच थोडी उसळायची, पण आधीपेक्षा कमी. चौथ्या दिवशी सगळे बिंदू जोडले आणि मी जागेवरून उठले. ही रेघ माझ्या ओळखीची होती. एखाद्या भागाला धक्का दिला की तो थरथरतो आणि हळूहळू शांत होतो. त्या शांत होण्याच्या रेघा मी चौतीस वर्षं वाचल्या होत्या.

“अहो, खाली या जरा,” मी गच्चीकडे तोंड करून हाक मारली.

नवरा मातीच्या हातांनी आला, चष्मा लावला आणि म्हणाला, “हे डॅम्पिंग आहे.”

“आहे ना?”

“आहे. पण हा तिसरा बिंदू बघ, चुकला असणार.”

“चुकला नाही, तेव्हा दारावर कुरिअरवाला आला होता.”

मग आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर ती वही घेऊन बसलो. किती दिवसांत ओढ निम्मी होईल याचं गणित मांडलं, चुकलं, पुन्हा मांडलं. चहा दोनदा गार झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकाच कामावर दोघांनी बसण्याची ती पहिलीच वेळ. दर आठवड्याला आलेखातली ती टेकडी बुटकी होत गेली. समुपदेशक मुलीला वही दाखवली तेव्हा ती हसत म्हणाली, “मी तुम्हाला बघायला सांगितलं होतं, तुम्ही प्रयोगशाळाच काढलीत. हे मी दुसऱ्यांना दाखवू?” मी म्हणाले, दाखवा, पण तिसऱ्या बिंदूबद्दल कोणी विचारलं तर कुरिअरवाल्याचं सांगा.

मधे दोनदा घसरले. एकदा नवऱ्याचा फोन हातात होता तेव्हा, आणि एकदा बहिणीकडे. दोन्ही वेळा त्याच दिवशी सांगून टाकलं. समुपदेशक मुलगी म्हणाली, आमच्याकडे घसरणं हे शेवट मानत नाहीत, पण लपवणं मात्र धोक्याचं. ते मला पटलं.

दुपारचा वेळ कशाने भरायचा हा प्रश्न उरला होता. तो आमच्या इमारतीच्या पंपाने सोडवला. बोअरवेलचा पंप घरघरत होता आणि असोसिएशनचे लोक नवा घ्यायच्या गोष्टी करत होते. मी खाली गेले, पंपाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि ऐकलं. म्हणाले, पंप चांगला आहे, एक बेअरिंग गेलंय. मेकॅनिकने उघडून बघितलं तर तेच निघालं. तेव्हापासून पंप, टाक्या, जनरेटर, लिफ्ट हे सगळं माझ्याकडे आलं. टँकरवाला मला विचारतो, लिफ्टवाला मला विचारतो, खालच्या अक्का तर मिक्सरचा आवाज ऐकवायला घेऊन येतात. मी ऐकते आणि सांगते.

त्याच सुमारास धाकट्या दिरांची बंगळूरबाहेर देवनहळ्ळीला वास्तुशांत झाली. ते नागपूरहून बदली होऊन आलेले. नव्या लेआउटमध्ये घर बांधलं होतं, कुंपणापलीकडे अजून द्राक्षाचे मांडव होते. जेवणं झाल्यावर हॉलमध्ये सतरंजी पसरली गेली आणि कोणीतरी पत्त्यांचे दोन जोड आणले. दीर म्हणाले, “वहिनी, या. तुमच्याशिवाय रमी कशी होणार?”

सगळे माझ्याकडे बघत होते. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. मी म्हणाले, “मी पत्ते खेळत नाही आता. मला फोनवरच्या रमीचं व्यसन लागलं होतं. उपचार चालू आहेत.”

नवरा दारात उभा होता, तो आत येऊन माझ्या शेजारी बसला. नव्वदीच्या आतेसासूबाईंना नीट ऐकू येत नाही, त्यांनी विचारलं, “काय म्हणते ती?” कोणीतरी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. त्यांनी पत्त्यांचे दोन्ही जोड उचलले, आपल्या पिशवीत टाकले आणि म्हणाल्या, “मग भेंड्या लावू. मला झोप येत नाही दुपारची.” आम्ही चहापर्यंत भेंड्या खेळलो. आतेसासूबाईंना ऐकू येत नसल्यामुळे त्या कोणत्याही अक्षराला कोणतंही गाणं म्हणत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांना गुण मिळत होते. माझा घसा बसला.

नंतर मी हवा घ्यायला गच्चीवर गेले. पाठोपाठ दीर आले. कठड्याला टेकून थोडा वेळ उगीच प्लॉटच्या भावांबद्दल बोलत राहिले. मग म्हणाले, “वहिनी, ती ओपीडी कोणत्या वारी असते?”

मी वार सांगितला.

“माझं पत्त्यांचं नाही. क्रिकेटवर लावतो. हिला माहीत नाही.”

“तिला कधी सांगणार?”

“आज सगळे गेल्यावर सांगतो. तुम्ही थांबाल का?”

“थांबते.”

आम्ही थांबलो. जाऊबाई ऐकून खूप चिडल्या, मग रडल्या, मग त्यांनी उरलेले लाडू डब्यात भरून आमच्या हातात दिले आणि विचारलं, पहिल्या दिवशी कोणते कागद लागतात.

पुढच्या आठवड्यात मी दिरांबरोबर रुग्णालयात गेले. जाऊबाईही होत्या. ते त्याच समुपदेशक मुलीकडे आत गेले तेव्हा तोंड उतरलेलं होतं. पाऊण तासाने बाहेर आले आणि आमच्या मधे बसले. जाऊबाईंनी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“मला वाटलं होतं, तुम्ही असं का केलंत म्हणून विचारतील. दोन दिवस त्याचंच उत्तर पाठ करत होतो,” ते म्हणाले. “त्यांनी विचारलं, यातून बाहेर आल्यावर रविवारी काय करायला आवडेल.”

“मग काय सांगितलंत?”

“म्हणालो, पोहायला शिकेन. मला पोहता येत नाही.”

जाऊबाई म्हणाल्या, “मलाही येत नाही.” मग दोघं त्यांच्या घराजवळ तलाव कुठे आहे, बायकांची वेळ कोणती असते, आणि या वयात टोपी घालावी लागते का, याबद्दल बोलू लागले. मी दिरांच्या औषधांची चिठ्ठी घेऊन खिडकीच्या रांगेत उभी राहिले. त्यांचं बोलणं मला तिथपर्यंत ऐकू येत होतं.